फिट येऊन विहिरीत पडला, एवढ्यावर बातमी संपवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर खाली कोपऱ्यात अधूनमधून एक दोन-तीन ओळींची बातमी असते. अमुक वाडीतला इसम पाणी काढायला गेला असता फिट येऊन विहिरीत पडला, पोलिसांत आकस्मिक मृत्यूची नोंद. कधी विहीर असते, कधी खाडी, कधी व्हाळ म्हणजे ओढा. वाचणारा 'अरेरे' म्हणतो आणि पान उलटतो. माझं मालवण तालुक्यात बाजारपेठेत छोटंसं मेडिकल आहे, बरीच वर्षं काउंटरवर उभा आहे, त्यामुळे अशी बातमी वाचली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा, की ह्याची गोळी चालू होती का, आणि चालू होती तर बंद कधी झाली आणि कोणी केली. नेमकं तेच बातमीत कधी नसतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापायचं तर कापा, पण पाण्याचं आणि गोळीचं तेवढं ठेवा.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, फार्मसी शिकलेला माणूस आहे. पण फिटीचा पेशंट डॉक्टरला सहा महिन्यांतून एकदा भेटतो आणि मेडिकलवाल्याला दर महिन्याला, त्यामुळे काही गोष्टी आम्हालाच आधी दिसतात. उदाहरणार्थ, डायबेटिसची गोळी माणूस मोठ्याने मागतो, प्रेशरची गोळी मागताना वर शेजाऱ्याचं प्रेशर किती ते पण सांगतो, पण फिटीची गोळी घ्यायला येणारा दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला उभा राहतो. चिठ्ठी घडी घालून पुढे सरकवतो. काहीजण तर स्वतःच्या गावातलं मेडिकल सोडून दोन गावं पलीकडून माझ्याकडे येतात, आणि माझ्या गावातले बहुतेक कणकवलीला जात असतील. स्ट्रिपवरचं नाव दिसू नये म्हणून पेपरात गुंडाळून मागणारे आहेत, घरात 'शक्तीची गोळी' म्हणून सांगणारे आहेत. जगात साधारण 5 कोटी लोकांना हा आजार आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपल्या देशातच एक कोटीच्या आसपास लोक आहेत असा अंदाज आहे, म्हणजे प्रत्येक वाडीत कोणी ना कोणी असणारच, पण विचारायला गेलात तर कुठल्याच वाडीत कोणी नाही!

मुळात होतं काय, तर मेंदूतल्या पेशींचं सगळं काम बारीक विजेवर चालतं. मेंदूचा एखादा भाग किंवा अख्खा मेंदूच एकदम एका वेळी ही वीज भसाभस सोडायला लागला की आमच्या वायरमनच्या भाषेत शॉर्ट सर्किट, आणि मग त्या भागाचं जे काम असेल तसं शरीर वागतं. एकदा फिट आली म्हणजे लगेच कायमचा आजार लागला असं नसतं. रक्तातली साखर खाली गेली, म्हाताऱ्या माणसाला उलट्या-जुलाबात सोडियम कमी झालं, रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली, तरी फिट येते, आणि ते कारण दूर झालं की विषय तिथे थांबू शकतो. (दारूचं खास सांगतो, कारण देवीच्या जत्रेला किंवा श्रावण पाळायचा म्हणून एकदम बंद करणारे आपल्याकडे पुष्कळ. शेवटच्या घोटानंतर एक-दोन दिवसांत फिट येते आणि घरचे म्हणतात बघा, सोडली म्हणून झालं. सोडायचीच, पण रोजची आणि जास्त असेल तर डॉक्टरच्या देखरेखीत.) असं काही ताबडतोबीचं कारण नसताना चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने दोनदा फिट आली, किंवा एकदाच आली पण तपासण्यांवरून पुन्हा येणार असं दिसलं, तर डॉक्टर त्याला अपस्मार म्हणतात. आणि ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं धरू नका, फिट नसताना काढलेला ईईजी कित्येकांचा नॉर्मल येतो.

आता लोकांना फिट म्हटली की एकच प्रकार माहीत. माणूस ओरडून पडतो, ताठ होतो, मग हातपाय झाडतो, तोंडाला फेस, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते. ही मोठी फिट, ही ओळखू येते म्हणून निदान डॉक्टरकडे तरी जाते. पण जी ओळखूच येत नाही तिचं काय? शाळेत एखादी मुलगी वाचता वाचता मधेच थांबते, दहा-पंधरा सेकंद शून्यात बघते, पापण्या फडफडतात, आणि परत जिथे थांबली तिथून पुढे वाचायला लागते. दिवसातून कितीतरी वेळा. गुरुजी म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते टीव्ही जास्त बघते, आणि वर्ष फुकट जातं. ती फिट असते. किंवा एखादा बाप्या माणूस बोलता बोलता गप्प होतो, ओठ चाटतो, तोंड चघळल्यासारखं करतो, शर्टाची बटणं चाचपतो, हाक मारली तर ओ देत नाही, मिनिटा-दोन मिनिटांनी शुद्धीवर येतो आणि त्याला काही आठवत नाही. त्याच्या आधी पोटातून कायतरी वर चढतं, किंवा नसलेला वास येतो असं काहीजण सांगतात. आपल्याकडे ह्यांची रवानगी थेट देवाला कौल लावायला. तिसरा प्रकार पंधरा-सोळाच्या मुलामुलींचा, सकाळी उठल्या उठल्या हाताला झटका बसतो, चहाचा कप उडतो, ब्रश हातातून पडतो. घरात ओरडा बसतो 'वेंधळा मेला'. ह्या झटक्यांबद्दल डॉक्टरला आपणहून सांगितलं पाहिजे, कारण मोठ्या फिटीवर चालणाऱ्या काही जुन्या गोळ्यांनी हा प्रकार उलट वाढतो. बेसावध असताना कोसळणारी लहान मुलं वेगळीच, त्यांना अचानक अंगातलं बळ जातं आणि धाडकन तोंडावर पडतात.

आणि तापातली आकडी. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाला ताप चढता चढता येते, शंभरात दोन ते पाच मुलांना येते, आईबापांचं काळीज फाटतं, पण बहुतेक मुलांना पुढे अपस्मार होत नाही. दवाखान्यात नेऊन ताप कशाचा आहे ते बघायचं, मेंदूज्वर नाही ना याची खात्री करायची. मात्र पोटावर तापलेल्या सळीचा डाग द्यायचा नाही. हे 2020 नंतरच्या काळात पण लिहावं लागतं ह्याची लाज वाटते, पण डागाची जखम चिघळलेलं पोर घेऊन मलम मागायला येतात म्हणून लिहितोय.

कारणं काय विचाराल तर निम्म्या लोकांत कारण सापडतच नाही. उरलेल्यांत बाळंतपणात बाळ उशिरा रडलेलं असतं, मेंदूला प्राणवायू कमी पडलेला असतो, किंवा लहानपणी मेंदूज्वर झालेला असतो, काहींच्या घराण्यात असतं. तरण्याताठ्यांत डोक्याचा मार. आपल्याकडे हायवेला बिनहेल्मेटच्या बाइका आणि झाडावरून पडणारे, दोन्हीला तोटा नाही, आणि मार बसल्यानंतर महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा फिट सुरू होऊ शकते त्यामुळे दोन्हींचा संबंध घरच्यांच्या लक्षातच येत नाही. साठीनंतर पहिल्यांदा फिट आली तर अर्धांगाचा झटका येऊन गेला का ते आधी बघतात, कधी गाठ निघते. भारतात अजून एक मोठं कारण म्हणजे डुकराच्या मासातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी. ह्याच्यावर लोक लगेच म्हणतात, आम्ही डुक्कर खातच नाय! अहो, खायची गरजच नाही. कच्चं राहिलेलं मास खाणाऱ्याच्या आतड्यात तो जंत वाढतो, त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, पाणी, कच्ची भाजी यातून दुसऱ्याच्या पोटात जातात, तिथून रक्तातून मेंदूत. म्हणजे माळकरी माणसाला पण होतं. सीटी किंवा एमआरआयमध्ये बारीक गोल ठिपका दिसतो. आता हे कळल्यावर कोणी माझ्याकडे येऊन जंताच्या गोळीचा कोर्स मागू नका, डोक्यातला जंत मरताना सूज येते आणि फिटी वाढतात, म्हणून ते औषध स्टिरॉइडच्या जोडीने आणि डॉक्टरने सांगितलं तरच. कोथिंबीर, कोबी नीट धुणं आणि संडासवरून आल्यावर साबण लावणं एवढं मात्र कोणालाही न विचारता करता येतं.

बाजारात एखाद्याला फिट आली की काय होतं ते तुम्ही पण बघितलं असेल. पन्नास माणसं गोल करून उभी. एकजण छातीवर बसून हात दाबतो, एकजण दातखीळ उघडायला चमचा शोधतो, आणि मागून कोणीतरी ओरडतो "रे चप्पल हुंगव तेका!" मग चप्पल, नाहीतर कांदा, नाहीतर हातात किल्ल्यांचा जुडगा. आणि गंमत म्हणजे चप्पल लावल्यावर खरंच थांबते! थांबणारच, कारण बहुतेक फिटी मिनिटा-दोन मिनिटांत, फार तर तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात, चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ होतोच. चपलेचं नाव उगाच होतं. करायचं काय ते सोपं आहे, घड्याळ बघायचं, आजूबाजूचे दगड, खुर्ची, गरम भांडं बाजूला करायचं, डोक्याखाली टॉवेल नाहीतर शर्ट, गळ्याकडचं बटण सैल, आणि झटके कमी झाले की कुशीवर वळवायचं म्हणजे फेस-लाळ बाहेर पडते, श्वासनळीत जात नाही. दाबून धरायचं नाही, हाड मोडतं. तोंडात काहीही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही, गोळी नाही. जीभ कोणी गिळत नाही. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा एक थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, किंवा बाई पोटुशी असेल, डोक्याला मार लागला असेल, पाण्यात आली असेल, आयुष्यातली पहिलीच असेल, तर 108 ला फोन. एरवी तो शुद्धीवर येईपर्यंत एकाने जवळ बसायचं, बाकीच्यांनी आपापल्या कामाला जायचं. त्याला थोडा वेळ काही समजत नसतं, वाटेल तिकडे चालायला लागतो, धक्काबुक्की न करता हळू वळवायचं. आणि गर्दीतल्या एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढला तर तो व्हाट्सअपला टाकायसाठी नको, त्याच्या घरच्यांना द्या. डॉक्टरला त्या व्हिडिओवरून जे कळतं ते घरच्यांच्या तासभर सांगण्यातून कळत नाही, कारण नुसती चक्कर, हृदयाचे ठोके चुकणं, मनाच्या ताणातून येणारे झटके हे सगळं लांबून फिटीसारखंच दिसतं आणि औषध मात्र वेगवेगळं.

देवस्कीबद्दल लिहिलं तर निम्मे वाचक रागावतील. रागवा. मी स्वतः ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालणारा माणूस आहे, शिमग्याला पालखी नाचवतो, पण राखणदाराला नारळ द्या आणि पेशंटला गोळी पण द्या एवढंच माझं म्हणणं आहे. "बाहेरचा कायतरी लागला" म्हणून दोन-तीन वर्षं अंगारे-धुपाऱ्यात जातात, कोंबडे जातात, आणि तेवढ्या काळात पोराला कितीतरी फिटी येऊन जातात, शाळा सुटते, एखादवेळी चुलीवर पडतो. जे भले जाणते असतात ते गाऱ्हाणं घालून वर "डाक्टराक पण दाखय" म्हणून सांगतात, असे मला माहीत आहेत, त्यांचे उपकारच आहेत. दुसरे कोणी मासे बंद करायला सांगतात. बांगड्याने फिट येत नाही हो, खा. लहान मुलांच्या हट्टी फिटींसाठी भरपूर तुपातेलाचा आणि अगदी कमी भात-साखरेचा एक आहार असतो खरा, पण तो आहारतज्ज्ञ ग्रॅमवर मोजून देतात, आपल्या मनाने भात बंद करून उपयोग नाही.

आता गोळी. हा माझा विषय. फिनोबार्बिटोन 1912 पासून आहे, फेनिटॉइन 1938 पासून, म्हणजे अनुक्रमे गार्डिनाल नि एप्टॉइन म्हणून तुम्ही जे ऐकता ते आपल्या आजोबांच्या वेळचं औषध आहे, आणि साधी औषधं वापरली तर एका माणसाचा वर्षाचा खर्च पाच डॉलरच्या आत बसतो असं जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे. म्हणजे जत्रेतल्या दोन कोंबड्यांपेक्षा कमी. नंतर कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट आली, क्लोबाझाम आली, अलीकडे लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन जास्त चालतात. नीट निदान झालं आणि गोळी नीट घेतली तर दहातले सहा-सात लोक फिटीशिवाय जगू शकतात. नोकरी, संसार, शेती सगळं. राहिलेल्यांपैकी काहींचं ऑपरेशन होतं, मेंदूतला नेमका तो भाग सापडला तर, केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा हॉस्पिटलमध्ये 1995 पासून ही ऑपरेशनं चालू आहेत आणि मुंबईतही होतात. दोन गोळ्या योग्य डोसमध्ये देऊनही थांबत नसेल तर तिसरी-चौथी वाढवत बसण्यापेक्षा अशा ठिकाणी एकदा दाखवावं.

पण गोळी नीट घेणं म्हणजे काय, तिथेच सगळं अडतं. सहा महिने फिट आली नाही की आई येते आणि म्हणते, "आता बरा आसा मा, मगे गोळयो कित्याक घेवच्यो?" अहो बाई, गोळ्या घेतोय म्हणून बरा आहे! आपण होऊन एकदम बंद केली की परत येते, आणि आधीपेक्षा जोरात, एकामागून एक, थांबतच नाही अशी पण येते आणि त्यात माणूस जातो. बंद करता येते, नाही असं नाही. निदान दोन वर्षं, कधी जास्त, फिट न येता गेली की डॉक्टर बघून ठरवतात आणि मग हळूहळू महिन्या-महिन्याने डोस उतरवतात. काही प्रकारांत, ते सकाळच्या झटक्यांचं सांगितलं त्यात, बहुतेकांना पुष्कळ वर्षं घ्यावीच लागते. दुसरा प्रकार म्हणजे पाच गोळ्या द्या, पगार झाला की बाकीच्या नेतो. आणि तिसरा, त्रास झाला म्हणून न सांगता सोडणारे. त्रास होतो, मी नाही म्हणत नाही. एप्टॉइनने हिरड्या सुजतात, डोस थोडा जास्त झाला की दारू प्यायल्यासारखे पाय पडतात. लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड वाढते, घरात भांडणं होतात आणि कारण कोणाला कळत नाही. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात. हे सगळं डॉक्टरला सांगा, गोळी बदलता येते. एका गोष्टीत मात्र वाट बघत बसू नका, ती म्हणजे नवीन गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

मुलींच्या आईबापांसाठी वेगळं लिहितो. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेले तर साधारण दहात एका बाळात जन्मतः दोष निघतो आणि दहात तीन-चार मुलांची वाढ, बोलणं, शिकणं मागे राहतं. म्हणून लग्नाचं वय व्हायच्या आधीच डॉक्टरशी बोलून शक्य तर गोळी बदलून घ्यावी, फोलिक ॲसिड सुरू करावं. पण दिवस गेलेत असं कळल्यावर घाबरून आपल्या मनाने बंद करायची नाही, मोठी फिट आली तर आई नि बाळ दोघांना धोका, ताबडतोब डॉक्टर. आणि फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन चालू असलेल्या बाईला साधी संततिनियमनाची गोळी नीट लागू पडत नाही, हे फार थोड्या जणींना कोणी सांगितलेलं असतं.

पण आपल्याकडे होतं काय, तर लग्न ठरलं की मुलीची गोळीच बंद. सासरी डबा सापडेल म्हणून. मग मांडवात नाहीतर पहिल्या गौरीला फिट, आणि मग 'फसवलंत' म्हणून परत पाठवणी. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख लग्नाला आडकाठी म्हणून होता, तो 1999 साली दुरुस्ती करून काढून टाकला. म्हणजे कायद्याने सोडलंय, आपण धरून बसलोय. आधी सांगून लग्न केलेली जोडपी माझ्या गिऱ्हाइकांत आहेत, नवरा येऊन बायकोची गोळी नेतो, मोठ्याने मागतो.

चाकरमान्यांनो, आता तुमचं. फिटीचे पेशंट माझ्याकडे सगळ्यात जास्त धावत येतात ते गणपतीत. कारण स्पष्ट आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने उभ्याने प्रवास, झोप नाही. गोळ्यांची पिशवी विरारला नाहीतर डोंबिवलीला राहिली. आल्या आल्या मखर, मग आरत्या, मग रात्रभर भजनं, फुगड्या, मधेच कोणीतरी मागल्या दारी बाटली उघडतो. झोप न होणं, गोळी चुकणं आणि दारू, फिट यायला ह्या तिघांतलं एकपण पुरतं, इथे तिन्ही एकदम. शिमगा, दशावताराची रात्र, सगळीकडे हेच. मी सण बंद करा म्हणत नाही, पण ज्याला फिट येते त्याने भजनाच्या दुसऱ्या बारीनंतर झोपायला जावं आणि घरच्यांनी त्याला हाक मारून उठवू नये. गोळ्या जास्तीच्या दहा दिवसांच्या घेऊन या, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, चिठ्ठी नसेल तर मी देणार नाही आणि मग दुकानात वाद नको. उपवास असला तरी गोळी चुकवू नका, घोटभर पाण्याने उपवास मोडत नाही. आमच्या मुसलमान बंधूंनी रमजान सुरू व्हायच्या आधीच डॉक्टरांना विचारून सहेरी-इफ्तारीला बसेल असा डोस ठरवून घ्यावा, आयत्या वेळी अर्ध्या गोळ्या टाळू नयेत.

आणि पाणी. फिटीच्या पेशंटला बुडून मरण्याचा धोका इतरांपेक्षा 15 ते 19 पट असतो, असं अभ्यास सांगतात. आपलं तर सगळं आयुष्य पाण्याकाठी. चिऱ्याच्या विहिरी, कित्येकांचा कठडा गुडघ्याएवढा, पावसात शेवाळ धरलेला. पाणी काढायचं काम दुसऱ्याला द्या, नाहीतर पंप बसवा, निदान कठडा कमरेएवढा करून वर लोखंडी जाळी टाका, ह्याला फार पैसे लागत नाहीत. व्हाळावर एकट्याने जायचं नाही. आंघोळ दगडी डोणीवर किंवा बालदीतून बसून, मोरीची कडी न लावता. रापणीला किनाऱ्यावर चार माणसांत जाळं ओढायला हरकत नसावी, पण फिटी थांबलेल्या नसताना होडीवर जायचं नाही, थांबल्या असल्या तरी डॉक्टरला विचारून आणि लाइफ जॅकेट घालून. ते जॅकेट घालायला आपल्या लोकांना का लाज वाटते देव जाणे. पाण्यात फिट आली तर डोकं वर धरून ठेवायचं, झटके थांबले की बाहेर काढायचं आणि बरा दिसला तरी हॉस्पिटलला न्यायचं, पाणी छातीत गेलेलं असतं. आंब्याच्या, माडाच्या झाडावर चढणं बंद, आंबे काढायला दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला आहे तो खालून वापरा. चुलीपुढे एकटं बसवू नका. गाडी चालवायचा प्रश्न येतो तेव्हा लायसनच्या फॉर्ममध्येच अपस्माराबद्दल विचारलेलं असतं, तिथे खोटं 'नाही' लिहून हायवेला गाडी काढणाऱ्यांबद्दल मी काय बोलू.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं एवढंच की पुढच्या वेळी अशी बातमी आली की तुमच्या बातमीदाराला घरच्यांना दोन प्रश्न जास्त विचारायला सांगा, औषध चालू होतं का आणि विहिरीला कठडा होता का, आणि छापा. गेलेल्या माणसाचं नाव मात्र छापू नका. आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात पहिल्या पानावर एक चौकट द्या, पाच मिनिटं, कुशीवर, तोंडात काही नाही, 108. 17 नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो, त्या दिवशी लेख येतात, पण तोपर्यंत गणपती होऊन गेलेले असतात.

दुसरं मागणं तुमच्यामार्फत आरोग्य खात्याकडे. मेंदूचे डॉक्टर आपल्याकडे मुळात कमी, सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला जातात, रत्नागिरीचे मुंबईपर्यंत जातात. ते एका दिवसात बदलणार नाही हे मला कळतं. पण सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणारी फिटीची गोळी मधेच संपते आणि 'पुढच्या आठवड्यात या' असं सांगितलं जातं, ते बदलायला काय हरकत आहे? ह्या औषधात आठवडा चुकणं म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. ती बाई दिवसाची मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून आलेली असते, तिच्याकडे माझ्या दुकानातून घ्यायला पैसे असतील तर असतील, नाहीतर ती तशीच परत जाते. ज्यांच्या फिटी थांबलेल्या आहेत आणि डोस ठरलेला आहे त्यांना एका वेळी दोन-तीन महिन्यांचा साठा द्यावा, निदान जूनमध्ये पावसाच्या आधी आणि गणपतीच्या आधी तरी. ज्या गावचा साकव म्हणजे छोटा पूल पाण्याखाली जातो तिथे आशाताईंकडे एखादी जास्तीची स्ट्रिप आणि पेशंटची यादी असावी. आणि तालुक्याला महिन्यातून एक वार ठरवून फिजिशियन बसवा, ज्यांना गोळी लागू पडते त्यांची तपासणी तिथेच होईल, वर पाठवायचे तेवढेच वर जातील. वार मात्र आठवडा बाजाराचा ठेवू नका, त्या दिवशी एसटीत पाय ठेवायला जागा नसते.

आपला,
एक मेडिकलवाला,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग